सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची रामयात्रा व एकाकी अटन

पंडित म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे तीन भाग परंपरेने मानले जातात. त्यांपैकी पूर्वार्ध व उत्तरार्ध यांतील लीळांना साक्षी आहेत. बाइसा, भटोबास, महदाइसा, आबाइसा, इंद्रभट, जानोपाध्ये इत्यादी भक्तजनांनी त्या लीळा डोळ्यांनी पाहिल्या, कानांनी ऐकल्या आणि म्हाइंभटांना सांगितल्या. एकांकाची गोष्ट निराळी आहे. त्या काळात सर्वज्ञांच्या सन्निधानी बहुतेक ठिकाणी कोणीच नव्हते. म्हणून एकांकातील लीळा मुख्यत्वे स्वामींच्याच श्रीमुखातून भक्तजनांना कळल्या आहेत. पुढे पैठण, हिवरळी, डोमेग्राम आदी ठिकाणच्या अवस्थानात प्रसंग निघाला, कोणी पुसले, महदाइसेसारख्या जिज्ञासू भक्ताने पुन्हा पुन्हा विचारले, म्हणजे स्वामी पूर्वीची एखादी गोष्ट सांगत. ती भक्तजनांच्या स्मरणात राहिली व कालांतराने लेखनिविष्ट झाली.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे एकांकाच्या अभ्यासकापुढे एक महत्त्वाचा विचार उभा राहतो. अनेक वर्षांच्या एकाकी भ्रमणातून सर्वज्ञांनी भक्तजनांस सांगण्यासाठी काय निवडले? किती योजने चाललो, किती उपवास घडले, अरण्यात कोणती संकटे आली, ह्याचा हिशेब त्यांत फारसा आढळत नाही. आढळतात त्या भेटी. ज्या भागाला एकांक असे नाव आहे, त्याचे अंतरंग भेटींनी भरलेले आहे. ह्या विरोधाभासाचा अर्थ लावणे हे अनुसरण घेतलेल्या साधकास व नामधारक उपदेशी जनांस सारखेच उपकारक आहे.

भरुचहून प्रस्थान

स्वामींच्या चरित्राचा आरंभ गुर्जर देशी भरुच येथे होतो. तेथील प्रधान विशाळदेव व त्यांची पत्नी माल्हणदेवी यांचे पुत्र हरिपाळदेव यांचा देहांत झाला असता, द्वारावतीकार श्रीचक्रपाणी महाराजांनी त्याच समयी आपले पुर त्यागून त्या देहाचा स्वीकार केला. हा पतित अवतार होय. परंपरेने हा काळ शके ११४२, म्हणजे इ. स. १२२०-२१ असा मानला आहे. चितेवरून उठलेला पुत्र घरी परतला. राजवैभव, कमळाइसेशी संसार, द्यूताची क्रीडा, हे सर्व पूर्ववत् चालू राहिलेले लोकांना दिसले.

द्यूतात एकदा मोठी हार झाली. ते द्रव्य चुकते करण्यासाठी पत्नीजवळ अलंकार मागितले असता तिने ते दिले नाहीत. लौकिक दृष्टीने पाहू जाता प्रसंग लहान आहे, आणि अलंकार राखू पाहणाऱ्या स्त्रीला दोष देण्याचेही कारण नाही. परंतु ह्या निमित्ताने स्वामींनी संसाराचे स्वरूप प्रकट केले व उदासीनता स्वीकारली. जो सर्वज्ञ आहे त्याला वैराग्य शिकावे लागत नाही. जीवांनी ते कोठून शिकावे एवढे मात्र त्यांना दाखवावयाचे असते. वैराग्यासाठी फार मोठ्या दुःखाची वाट पाहावी लागत नाही, घरातल्या एका नकारातही ते सापडते, एवढे ह्या लीळेवरून साधकाने घ्यावे.

त्यानंतर स्वामींनी पित्याजवळ रामयात्रेची, म्हणजे रामटेकच्या यात्रेची अनुज्ञा मागितली. विशाळदेवांचे मन सहजी वळले नाही. पुत्र एकदा मृत्यूच्या दारातून परत आलेला. त्यातून यात्रेचे स्थान यादवांच्या राज्यात, आणि त्या काळी गुर्जर व देवगिरी ह्या दोन राज्यांत उघड वैर. सिंघणदेव यादवाने गुर्जर देशावर स्वाऱ्या केल्याचे इतिहासही सांगतो. प्रधानाचा पुत्र शत्रूच्या देशात यात्रिक म्हणून जाणार, ही चिंता पित्याला वाटणे स्वाभाविक होते. अखेर अनुज्ञा मिळाली ती परिवारासह. सेवक, रक्षक, वाहने असा मोठा संभार बरोबर देऊन पित्याने पुत्राला निरोप दिला.

ह्या प्रवासातील मुख्य गोष्ट अशी की स्वामींनी परिवाराचा त्याग एकदम केला नाही. वाटेतल्या मुक्कामांवर काही ना काही निमित्ताने थोडेथोडे लोक मागे पाठविले. सोबत उणावत गेली, आणि शेवटी उरलेल्यांनाही मागे ठेवून ते एकटे निघून गेले. भरुचपासून ऋद्धिपुरापर्यंतचे अंतर सरळ रेषेने मोजले तरी सुमारे ५०० किलोमीटर भरते. मागे पाठविलेले सेवक आपल्या घरी पोचले असतील व भरुचच्या वाड्यात काय कळले असेल, हा विचार वाचकाच्या मनात येतोच. त्याग हा त्यागणाऱ्यालाच नव्हे तर मागे राहणाऱ्यालाही घडतो. अनुसरणास निघालेल्या प्रत्येकाच्या मागे असे एखादे घर असते, आणि संन्यस्ताने त्याचे विस्मरण होऊ देऊ नये. मोहासाठी नव्हे, तर आपल्या अनुसरणाचे मोल कोणी भरले आहे हे कळावे म्हणून.

ऋद्धिपुरी खुंटलेली यात्रा

स्वामी ऋद्धिपुरास, आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेल्या रिद्धपुरास, येऊन पोचले. तेथे श्रीगोविंदप्रभू राज्य करीत होते. लोकदृष्टीला ते वेडे दिसत. गावात स्वेच्छेने हिंडत, बाजारात कोणाच्या दुकानातील पदार्थ उचलून खात, मुलांत खेळत. स्वामींनी त्यांना पाहिले ते बाजारातच. श्रीप्रभू खात होते, आणि त्यांनी हातातला खाऊ स्वामींकडे टाकला. तो प्रसाद स्वामींनी घेतला आणि त्या क्षणी ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला. श्रीचक्रधर हे नामही श्रीप्रभूंकडूनच आले, असे संप्रदायात मानले जाते.

रामटेक अजून सुमारे १५० किलोमीटर पूर्वेस राहिले होते. ज्या स्थानाच्या नावाने पित्याची अनुज्ञा घेतली, ज्यासाठी घर सोडले, त्या स्थानाकडे स्वामी तत्काळ गेले नाहीत. यात्रा तेथेच खुंटली. येथे कोणी असा आक्षेप घेईल की मग रामयात्रा हे केवळ निमित्त होते काय? संप्रदायाच्या दृष्टीने उत्तर असे की, यात्रेचे फळ स्थानाच्या नावात नसून सन्निधानात असते. ज्या ठिकाणी परमेश्वर अवताराचे सन्निधान घडले तेथे यात्रा पूर्ण झाली. उरलेली वाट चालणे न चालणे ही नंतरची गोष्ट. तरी स्वामींनी ती वाटही वाया जाऊ दिली नाही. पुढे एकाकी अटनात त्यांचे रामटेकी अवस्थान झाले, आणि तेथील भोगरामाचे स्थान आजही महानुभाव यात्रिक वंदितात. पित्याला सांगितलेला शब्द अशा रीतीने खरा झाला. मात्र तो खरा झाला तेव्हा बरोबर ना सेवक होते, ना वाहने, ना प्रधानपुत्र हे नाव.

साळबर्डीचे पर्वत

ऋद्धिपुराच्या ईशान्येस, सातपुड्याच्या रांगेत, महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांच्या सीमेवर साळबर्डी आहे. ह्या पर्वतावर स्वामींनी बारा वर्षे क्रमिली असे परंपरा सांगते. देहाचे भान न ठेवता, अन्नाच्या आशेवाचून, वस्ती टाळून राहणे हा त्या काळचा क्रम होता. एकांकाचे नाव सर्वांत यथार्थ कोठे असेल तर ह्या बारा वर्षांना.

आणि तरीही ह्या बारा वर्षांतून भक्तजनांना कळलेली ठळक गोष्ट म्हणजे मुक्ताबाईची भेट. ही वृद्ध योगिनी त्या वनात एकटीच तप करीत होती. एक एकाकी तपस्विनी व एक एकाकी चालणारे स्वामी, यांची त्या निर्जन स्थानी गाठ पडली. तिने वनात होते त्यानेच आतिथ्य केले व स्वामींनी ते स्वीकारले. जनांपासून इतक्या दूर गेलेल्या मुक्ताबाईलाही आतिथ्याचा धर्म सुटला नव्हता, आणि ज्याला कशाचीच अपेक्षा नाही अशा स्वामींनीही तो नाकारला नाही. एकांत म्हणजे दुसऱ्याचे अन्न नाकारणे नव्हे, दुसऱ्याचे असणे नाकारणे तर नव्हेच, हा ह्या लीळेचा आशय आहे.

वाटेवरील भेटी

साळबर्डीनंतर स्वामींचे भ्रमण पुष्कळ विस्तृत झाले. आंध्र देशात ओरंगळपर्यंत, म्हणजे आजच्या वरंगळपर्यंत, ते गेले. घोड्यांचे व्यापारी त्यांना भेटले, आणि त्या देशात हंसांबेशी विवाह होऊन काही काळ गृहस्थाश्रमही घडला. पुन्हा तेही मागे ठेवून स्वामी निघाले. ह्या भागाविषयी पूर्वाचार्यांनी जो विस्तार केला आहे तो करण्याचे येथे कारण नाही. भरुचचा वाडा असो की ओरंगळचे घर असो, स्वामींना ते धरून ठेवू शकले नाही, एवढे येथे पुरे.

वाटेवरील भेटींपैकी संप्रदायात सर्वांच्या मुखी असलेली भेट सशाची आहे. स्वामी वृक्षाखाली आसनस्थ असता, पारध्यांनी व कुत्र्यांनी पाठ धरलेला एक ससा धावत आला व त्यांच्या मांडीखाली लपला. पारध्यांनी आपली शिकार मागितली. स्वामींनी ती दिली नाही. शरण आलेल्याला परत देता येत नाही, हे त्यांनी पारध्यांना समजावून सांगितले. त्यांच्यावर रागावले नाहीत, शाप दिला नाही. पारधी निरुत्तर झाले, त्यांचे मन पालटले व त्यांनी हिंसा सोडली. त्यानंतर स्वामींनी सशाला मोकळे केले.

ह्या लीळेचे विवेचन करताना बहुधा अहिंसेवर भर दिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. स्वामी तेव्हा एकटे होते. जवळ शस्त्र नव्हते, पक्ष घेणारा कोणी नव्हता. समोर शस्त्रे घेतलेला समुदाय होता. ज्याला स्वतःला राहण्यास छप्पर नाही तो दुसऱ्याचा आश्रय झाला. आणि रक्षण केवळ सशाचे झाले नाही, पारध्यांचेही झाले. जो वाटेवर एकटा चालतो त्याने आपल्याला आश्रय कोठे मिळेल एवढेच पाहावयाचे नसते. आपल्यापाशी कोण आश्रयास येईल, ह्याचीही सिद्धता ठेवावयाची असते.

दुसरी भेट चर्मकाराची. त्या काळच्या समाजाने ज्याला शिवेबाहेर ठेवले होते, त्याचा भाव स्वामींनी स्वीकारला व त्यास स्थिती झाली. लोक त्याला मानू लागले. हे गावातील प्रतिष्ठितांना सहन झाले नाही, आणि त्यांनी त्याचा छळ मांडला. ही लीळा वाचताना मन अस्वस्थ होते, आणि व्हावे. स्वामी अधिकार पाहात होते, लोक जात पाहात होते. स्त्री, शूद्र व अंत्यज यांस मोक्षाचा अधिकार समान आहे हा सिद्धांत पुढे सूत्ररूपाने स्थिर झाला, पण त्याचे आचरण ह्या एकाकी वाटेवर आधीच घडून गेले होते. अटन करणाऱ्या महात्म्याला गावाच्या वेशीच्या आतले घर व बाहेरचे घर असा भेद करता येत नाही, ह्या आचाराचे मूळ येथे आहे.

सन्मान व सोबत

एकाकी वाटेवर उपेक्षेपेक्षा सन्मानाचा अडथळा मोठा असतो. अळजपुरी, म्हणजे आजच्या अचलपुरी, रामदरणा ह्या अधिकारी पुरुषाने स्वामींना मोठ्या आदराने ठेवून घेतले. लोणार येथे यादव राजा कान्हरदेव याची भेट झाली. हा कृष्णदेव इ. स. १२४७ ते १२६१ च्या सुमारास देवगिरीच्या गादीवर होता. स्वामींच्या तेजाने राजा प्रभावित झाला. ज्या यादवांच्या देशात पुत्राला पाठविण्यास विशाळदेव भ्याले होते, त्याच देशाचा राजा आता त्या पुत्रापुढे नम्र झाला होता. परंतु स्वामी त्या सन्मानाशी बांधले गेले नाहीत. अळजपूर मागे राहिले, लोणारही मागे राहिले.

सोबतीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. भांडारा येथे नीळभट भांडारेकार भेटले. स्वामींना पाहताच त्यांचे चित्त वेधले गेले, आणि घर सोडून ते मागे निघाले. अनुसरण घेणारे ते पहिले. भरुचहून निघताना ज्यांनी आज्ञाधारक सेवकांनाही मागे पाठविले, त्यांनी नीळभटांना मात्र मागे पाठविले नाही. हा भेद का? सेवक आले होते ते पित्याच्या आज्ञेने, प्रधानपुत्राच्या रक्षणासाठी. नीळभट आले ते स्वतःच्या वेधाने, स्वतःच्या उद्धारासाठी. पहिली सोबत देहाभिमान वाढविणारी, दुसरी तो घालविणारी. नीळभट अखेरपर्यंत सन्निधानी राहिले व सन्निधानातच त्यांचा देह पडला. नीळभटांच्या येण्याने स्वामींचे एकाकीपण मोडले नाही. ज्याला सोबतीची गरज नाही त्याच्याच सोबतीत दुसऱ्याचे कल्याण होते.

बोणेबाईंचा यात्रामेळा

मेघंकर, म्हणजे आजचे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, येथे बोणेबाईंची भेट झाली. ही भाविक स्त्री सिंहस्थाच्या यात्रेस निघणार होती. गुरू सिंह राशीत आला म्हणजे त्र्यंबकेश्वरी गोदावरीच्या स्नानासाठी देशोदेशीचे लोक लोटतात. आजही बारा वर्षांनी तो मेळा भरतो. त्या काळी ही यात्रा पायीच होत असे, आणि वाट अवघड असल्याने लोक मेळा करून निघत. बोणेबाईंबरोबर स्वामीही त्र्यंबकास गेले.

एकदा रामयात्रेस निघून परिवार सोडणारे स्वामी आता दुसऱ्यांच्या यात्रेत सामील झाले, हा पालट विचार करण्याजोगा आहे. आधीच्या यात्रेत ते मेळ्याचे मुख्य होते. ह्या यात्रेत ते एक यात्रिक होते. ज्याच्या चरणस्पर्शाने स्थाने पवित्र होतात तोच सामान्य यात्रिकांच्या पावलाने चालला, त्यांच्या पंक्तीस जेवला, त्यांच्या मुक्कामी उतरला. महानुभाव तत्त्वज्ञानात देवता व परमेश्वर यांचा भेद स्पष्ट आहे, आणि देवताभक्तीने मोक्ष नाही हेही निश्चित आहे. परंतु ज्यांना अद्याप तो भेद कळला नाही त्यांच्या वाटेचा स्वामींनी तिरस्कार केला नाही. ते त्यांच्या वाटेने थोडे चालले आणि चालता चालता त्यांना आपला वेध लावला. ज्ञानाचा अधिकार सांगणाऱ्यांनी अज्ञ यात्रिकाशी कसे वागावे ह्याचा हा पाठ आहे. दूर उभे राहून दोष दाखविणे सोपे आहे, त्यांच्याबरोबर ऊन सोसून चालणे कठीण आहे.

पैठण व त्यानंतर

शके ११८८ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२६६-६७ मध्ये, स्वामी पैठणास आले. तेथे नागुबाई, म्हणजेच बाइसा, सन्निधानी आल्या. तेथून एकांक संपते व पूर्वार्ध सुरू होतो. पुढील अल्प काळात भक्तजनांचा समुदाय वाढला. स्थिर गादी मात्र स्वामींनी कोठेही मांडली नाही. गोदातीर, बेलोपूर, डोमेग्राम, हिवरळी अशी अवस्थाने व भ्रमण अखेरपर्यंत चालू राहिले. उत्तरापंथे गमनाचे वर्ष शके ११९४ की ११९६ ह्यावर अभ्यासकांत मतभेद आहे. त्या गमनानंतर भक्तजनांवर जो वियोग कोसळला त्यातून सावरण्यासाठी ते ऋद्धिपुरी श्रीप्रभूंच्या सेवेस आले. जेथे स्वामींची रामयात्रा खुंटली होती, तेथेच त्यांच्या अनुयायांना पुन्हा आश्रय मिळाला.

श्रीप्रभूंच्या नंतर नागदेवाचार्यांच्या आश्रयाने म्हाइंभटांनी लीळा जुळविल्या. त्यासाठी त्यांनाही गावोगाव चालावे लागले, ज्याच्याजवळ एखादी लीळा आहे त्याच्या दारी जावे लागले. पुढे स्थानपोथीच्या रूपाने स्वामींच्या चरणांकित स्थानांची नोंद झाली. तीही स्थानोस्थानी प्रत्यक्ष जाऊनच होण्यासारखी होती. अशा रीतीने एका एकाकी वाटेमागून अनेकांच्या वाटा निघाल्या. आज ऋद्धिपूर, साळबर्डी, रामटेक, लोणार, मेहकर, पैठण ही स्थाने मोटारीने काही दिवसांत वंदिता येतात, आणि वृद्ध व दुर्बल यात्रिकांसाठी ही सोय इष्टच आहे. तथापि स्थानाला दंडवत घालताना दोन स्थानांमधली वाट स्मरणात आणली नाही, तर एकांकाचे स्मरण अपुरे राहते, कारण पुष्कळ भेटी त्या वाटेवरच घडल्या आहेत.

अनुसरणाच्या आचारात एकाकीपणाला मोठे स्थान आहे. अनोळखी प्रदेशात राहावे, ओळखीच्या लोकांचा संग वाढवू नये, भिक्षेवर निर्वाह करावा, वृक्षाखाली वा निर्जन स्थानी काळ क्रमावा, ही शिकवण प्रत्येक महात्म्यास ठाऊक आहे. कालांतराने ह्या शिकवणीचा विपरीत अर्थ लावण्याची भीतीही असते. संग सोडणे म्हणजे माणसे टाळणे, असे समजून काही साधक मनाने कठोर होतात. काहीजण उलट, लोकसंग्रहाच्या नावाखाली परिवार वाढवीत जातात आणि भरुचहून निघालेल्या मेळ्याप्रमाणे सेवक व वाहने भोवती जमवून बसतात. एकांकात ह्या दोन्ही चुकांचे निवारण आहे. स्वामींनी परिवार सोडला, सन्मान सोडला, घर सोडले. ससा सोडला नाही, चर्मकार सोडला नाही, नीळभटांना परत पाठविले नाही, आणि बोणेबाईंच्या मेळ्याला परके मानले नाही.

जे सोडले ते आपल्या देहासाठी होते, आणि जे ठेवले ते जीवाच्या उद्धरणासाठी होते. अटनास निघालेल्या साधकाने आपल्या झोळीत व आपल्या मनात काय ठेवावे ह्याचा निर्णय एवढ्यावरून करता येतो. आणि बारा वर्षांच्या निर्जन वासानंतरही स्वामींनी भक्तजनांस सांगण्यासाठी मुक्ताबाईची आठवण ठेवली होती, हे ज्याच्या ध्यानी राहील त्याला एकाकी चालताना वाटेवरचा दुसरा यात्रिक ओझे वाटणार नाही.